ड्रायव्हरची मुलगी परीक्षेला बसलीय

प्यो दानबी हँडबॉलची गोलकीपर होती. शाळा सुटल्यापासून तिने दुसरं काही केलंच नव्हतं. कोरियातल्या बुसान शहरात एका कंपनीच्या संघात ती गोलसमोर उभी राहायची आणि अंगावर येणारे चेंडू हाताने, पायाने, कधी थेट तोंडाने अडवायची. पुढे कंपनीचा धंदा बसला, संघ मोडला, आणि तिशी ओलांडलेली दानबी किटबॅग खांद्याला अडकवून त्याच शहरातल्या योंगदो बेटावरच्या टेकडीवर, आपल्या घरी परत आली.

घरात बाबा होते. प्यो इल्दो, टेकडीच्या बसचे ड्रायव्हर. बंदरापासून वरच्या वस्तीपर्यंत धापा टाकत चढणारी बुटकी हिरवी बस ते वर्षानुवर्षं चालवत होते. दानबीची आई लवकर गेली. तेव्हापासून या माणसाने मुलीचे डबे केले, तिचे मोजे शिवले आणि बुसानमधली तिची एकही मॅच चुकवली नाही. ड्युटीच्या गणवेशातच यायचे आणि घसा बसेपर्यंत ओरडायचे, "अडव गं माझे वाघिणी!"

रोजगार केंद्रातल्या बाईंनी दानबीला विचारलं, "काय काय येतं तुम्हाला?"

"चेंडू अडवता येतो."

बाई हसल्या नाहीत. संगणकात बघून म्हणाल्या, "सरकारी खर्चाने प्रशिक्षण मिळेल. केक-पावाचा वर्ग भरलाय. डिजिटल प्रॉडक्ट मॅनेजरच्या वर्गात एक जागा आहे, सोमवारपासून."

"ते काय असतं?"

"ॲप बनवतात ना, तर काय बनवायचं, कुणासाठी, आधी काय आणि नंतर काय, हे ठरवणारा माणूस. प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. लोकांशी बोलता यायला हवं."

"आणखी काय आहे?"

"फोर्कलिफ्ट चालवणं."

दानबीने जरा विचार केला आणि पहिलं निवडलं. गुडघा दुखरा होता म्हणून, दुसरं काही नाही.

वर्ग शहराच्या मध्यभागी, सोम्यॉनमधल्या एका जुन्या इमारतीत भरायचा. पहिले काही आठवडे दानबीला शिकवलेलं निम्मं डोक्यावरून जायचं. आजूबाजूची पोरं विद्यापीठातून आलेली, भराभर टाइप करणारी. ही आपली मागच्या बाकावर रुंद खांदे आकसून बसायची. तिच्या शेजारी सॉक जेहो. सत्तेचाळीस वर्षांचा हा गृहस्थ फोटो स्टुडिओ चालवायचा; फोन सगळ्यांच्या हातात आले आणि स्टुडिओ बंद झाला.

"जेहोदादा, तुम्हाला कळलं का आत्ताचं?"

"नाही. पण मी मान हलवली. तूही हलवत जा."

असं करत दोघांची गट्टी जमली. शिकवणाऱ्या यू मीरान मॅडमना मात्र मान हलवणारे लगेच ओळखू यायचे. मॅडमनी मोठ्या कंपन्यांत बरीच वर्षं काढली होती आणि बोलणं नेहमी तुटक. त्या म्हणायच्या, "न कळता म्हटलेलं 'हो' हा या धंद्यातला सगळ्यात महागडा शब्द आहे." मग दानबी हात वर करायला लागली. तिने एकदा विचारलं की मागच्या चार बाकांवरून सुटकेचे सुस्कारे ऐकू यायचे.

शेवटच्या टप्प्यात गटाने एक खरं ॲप करून, खऱ्या लोकांच्या हातात देऊन, कंपन्यांतून आलेल्या माणसांसमोर मांडायचं होतं. दानबी आणि जेहोच्या गटात रोउन नावाची चित्रकार मुलगी आली आणि शेजारच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गातला एक अबोल मुलगा. विषय दानबीने काढला. टेकडीवरची म्हातारी माणसं पायऱ्या उतरून थांब्यापर्यंत येईतो बस निघून जाते. तर घरातून निघतानाच फोनवर 'मी येतेय' असं बटण दाबायचं. ड्रायव्हरसमोरच्या छोट्या पडद्यावर थांब्याचं नाव उजळेल, आणि तो जरा थांबेल.

बाबांना तिने जेवताना सांगितलं, तर त्यांचा घास हातातच राहिला. "हे तुझ्या डोक्यातून निघालं?"

"हो."

"माझ्या बससाठी?"

"तुमच्याच मार्गावर करून बघायचंय. मालकांना विचाराल?"

मालक तयार झाले. चाचणी सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात आकडे असे चढले की रोउन वर्गात नाचली. लोक दिवसातून तीन-तीन वेळा बटण दाबत होते. इतर गटांची पोरं येऊन बघून जायला लागली. जेहोदादा मिशीत हसत म्हणाले, "आपल्याला नोकरी देणाऱ्यांची रांग लागणार बघ."

मॅडमनी आकड्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "थांब्यावर जाऊन बसलात का?"

"नाही मॅडम. पण आकडे तर—"

"उद्या जाऊन बसा. पडदा बघू नका, माणसं बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दानबी आणि जेहो बंदराजवळच्या थांब्यावरून बसमध्ये चढून मागे बसले. बस सकाळच्या पाळीचा ड्रायव्हर चालवत होता. बाबा दुपारच्या पाळीला होते. मधल्या थांब्यावर बोंगसुन आजी चढल्या. वस्तीत भाजी निवडून विकणाऱ्या, दानबीला लहानपणापासून ओळखणाऱ्या. आजींनी पिशवी ठेवली, एक सीट पकडली, चष्मा लावला, फोन काढला आणि ऐटीत बटण दाबलं: मी येतेय.

दानबी उठून जवळ गेली. "आजी, तुम्ही तर आलात. बसलात पण."

"अगोबाई, दानबी! मग काय झालं? ड्रायव्हरची मुलगी परीक्षेला बसलीय. दाबलं नाही तर नापास होईल बिचारी. मी उतरताना पण दाबते."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुझ्या बापाने! सगळ्यांना सांगतो तो. दाबलं की दह्याच्या पेयाची बाटली देतो एकेक. माझ्या घरी ढीग झालाय बाटल्यांचा."

पुढच्या सीटवरचे आजोबा वळून म्हणाले, "मला तर फोनच नाही. माझ्या नावाने तो स्वतःच दाबतो म्हणाला."

जेहोने तोंडावर हात धरला. हसू दाबत होता की रडू, कळत नव्हतं. दानबीला मात्र कानशिलं तापलेली जाणवत होती. ती पुढच्याच थांब्यावर उतरली आणि उरलेली चढण पायी चढून घरी आली.

बाबा बांगडा भाजत होते. "लवकर आलीस? जेवून घे, अजून—"

"बाबा, तुम्ही बाटल्या वाटल्यात?"

त्यांनी गॅस बारीक केला. "थोड्या."

"लोकांच्या नावाने बटणं दाबलीत?"

"ज्यांना जमत नाही त्यांचीच. अगं, आकडे कमी आले असते तर तुझा जीव गेला असता. मी काय चोरी केली? तुझ्या मॅचला येऊन ओरडायचो, तेव्हा कुणी म्हणालं नाही की हा फसवतोय."

"ओरडणं वेगळं हो बाबा! तुम्ही मैदानात उतरून माझ्याऐवजी चेंडू अडवलेत. आता मला येतं की नाही, हे मलाच कळायचं नाही."

इल्दो बांगडा उलटायचं विसरले. तो एका बाजूने करपला. मग ते शेगडीकडेच तोंड करून म्हणाले, "संघ मोडला तेव्हा तू घरी आलीस आणि महिनाभर बूट बाहेर काढले नाहीस. मला पुन्हा तसं बघवलं नसतं."

दानबीला वाटलं होतं आपण आणखी भांडू. ती खाली बसली आणि भाताचे दोन वाडगे वाढले. करपलेली बाजू बाबांनी स्वतःकडे घेतली, तिने ती काढून अर्धी स्वतःच्या वाडग्यात घातली.

दुसऱ्या दिवशी गटाला सांगितल्यावर रोउनला रडू फुटलं. "आता दोन आठवडेच उरलेत. दानबीताई, कुणाला कळणार आहे?"

"आपल्याला कळलंय ना."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "रडायला दुपारपर्यंत वेळ देते," त्या म्हणाल्या. "मग खोटे आकडे काढून टाका आणि काय उरतं ते बघा."

खोटे आकडे थांबवण्याचं काम बाबांचं होतं. त्यांनी बसच्या माईकवर घसा खाकरून जाहीर केलं, "मंडळी, आजपासून गरज असेल तरच बटण दाबायचं. उगाच दाबायचं नाही. मुलीने मला ताकीद दिलीय."

"आणि ती नापास झाली तर?" मागून बोंगसुन आजींचा आवाज आला.

"होऊ दे, पण आपलीआपण होऊ दे."

"कसला बाप आहेस रे तू!"

आकडे धाडकन खाली आले. बोटावर मोजण्याइतकी माणसं उरली. दानबी आणि जेहो त्या एकेकाला शोधून भेटले. त्यांच्यात जहाजांच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा एक माणूस होता. त्याची आई हल्ली विसरायला लागली होती. बटण ती दाबायची आणि दोघांच्या फोनवर ॲपचं खातं एकच असल्यामुळे ते दाबल्याचं त्याला स्वतःच्या फोनवर दिसायचं.

"बस थांबली की नाही याचं मला काय?" तो हातमोजे काढत म्हणाला. "आमचे ड्रायव्हर असेही थांबतात. आई घरातून निघाली हे कळतं. पण चढली का, हे कळत नाही. तिथपासून ती परत घरी पोचेपर्यंत माझं कामात लक्ष नसतं."

बाकीच्यांकडेही थोडंफार हेच निघालं. कुणाची सासू, कुणाचे वडील. बस चुकण्याची चिंता कुणालाच नव्हती.

परतताना जेहोदादा म्हणाले, "म्हणजे आपण भलत्याच माणसासाठी ॲप केलं होतं."

"हो. बसणाऱ्यासाठी नाही, वाट बघणाऱ्यासाठी करायला हवं होतं."

मग गटाने ॲपमधलं निम्मं काढून टाकलं. अबोल मुलाने त्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं आणि तेही "बरं झालं, त्यात फार चुका होत्या" असं म्हणायला. आता बसमध्ये चढल्यावर आणि उतरल्यावर घरच्यांना फक्त एक ओळ जायची. वापरणारी माणसं थोडीच होती, पण त्यांतली जवळपास सगळी दुसऱ्या दिवशीही वापरत होती.

सादरीकरणाच्या दिवशी इल्दो दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात गणवेशातच आले. दारातच दानबीने बजावलं, "ओरडायचं नाही. टाळ्या पण नाहीत."

"नाही गं बाई." ते शेवटच्या रांगेत बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

दानबी उभी राहिली. तिने पहिला तक्ता लावला. त्यावर रेघ सरळ आभाळात गेलेली.

"हे आमचे पहिल्या आठवड्याचे आकडे," ती म्हणाली. "हे खोटे आहेत. माझ्या वडिलांनी दाबलेत."

सभागृहात हशा पिकला. मग तिने सगळं जसं घडलं तसं सांगितलं. बाटल्या, आजी, वेल्डर, काहीच गाळलं नाही. पुढे बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "थांब्यावर गेला नसतात तर?"

"तर आज याच जागी उभी राहून मी फार झोकात चुकीचं बोलले असते."

शेवटच्या रांगेत एक टाळी वाजली आणि लगेच थांबली.

नोकरी काही लगेच मिळाली नाही. मोठ्या कंपन्यांनी तिचा अर्ज बघितला आणि परत काही कळवलं नाही. मुलाखतीत एकाने तर विचारलं, हँडबॉलचा इथे काय उपयोग? पण सादरीकरणात पुढे बसून थांब्याबद्दल विचारणाऱ्या त्या बाईंचा फोन आला. दातांच्या दवाखान्यांसाठी वेळ ठरवून देणारं ॲप करणारी त्यांची छोटी कंपनी होती. त्यांनी दानबीला आधी सहा महिन्यांच्या करारावर घेतलं, नंतर कायम केलं. जेहोदादांना वयामुळे खूप दारं फिरावी लागली. शेवटी मासळी विकणाऱ्या एका सहकारी संस्थेचं ऑनलाइन दुकान त्यांच्या हाती आलं. तिथे माशांचे फोटो ते स्वतःच काढतात, आणि ते बघून माणसाला भूक लागते.

पहिल्या पगाराला कोरियात आईवडिलांना थंडीतली लाल, उबदार अंतर्वस्त्रं देतात. दानबीनेही दिली. इल्दोंनी ती भर उन्हाळ्यात घातली आणि घामाघूम होऊन बस चालवली.

"काय रे, मुलगी काय करते म्हणालास?" बोंगसुन आजींनी चढता चढता विचारलं.

"दवाखान्यांत जाऊन बसते. लोकांना नेमकं काय हवंय ते बघते, मग ऑफिसात येऊन हे करा, ते करू नका, असं पोरांना सांगते."

"आणि ऐकतात ती?"

"कधी ऐकतात, कधी नाही. ऐकलं नाही की घरी येऊन दोन वाडगे भात जास्त खाते." इल्दोंनी आरशातून आजी नीट बसल्याची खात्री केली आणि गिअर टाकला. "मी आता मधे पडत नाही. फक्त भात जास्त लावतो."