बारावर थांबणारा काटा

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरीची डबी आहे. माझं झाकण गंजलंय, बुडाला पोचा आलाय. तपकीर माझ्यातून केव्हाच संपली. आता पोटात मेलेल्या रेडिओंचे चार भाग आहेत आणि दोन्ही बाजूंनी वायरी लोंबतात. मला बघून कुणी म्हणणार नाही की माझ्यामुळे एक माणूस गेला. पण गेला. कसा, ते सांगते. मध्येच उठून जाऊ नका.

मला बनवलं मायी नालेसो यांनी. दूर देशी, मुलांजे नावाच्या डोंगराखाली, मक्याच्या गिरणीसमोरच्या ओसरीत बसून त्या रेडिओ दुरुस्त करायच्या. गिरणी बिघडली की तिथंही त्यांनाच बोलावणं. पण त्यांच्याजवळचा टेस्टर होता गाड्यांचा, काटेवाला, पंधरा व्होल्टपर्यंतच आकडे असलेला. गिरणीच्या विजेला लावला आणि फट् करून जळाला. दुसरा आणला, तेव्हा मायींनी नवऱ्याची डबी उचलून मोकळी केली.

"अगं, माझी तपकीर!" नवरा ओरडला.

"नाकाला जरा विश्रांती द्या," मायी म्हणाल्या, आणि डाग द्यायची कांडी तापवायला घेतली. असा माझा जन्म झाला.

माझं काम सोपं होतं. टेस्टरच्या आणि विजेच्या मध्ये बसायचं. वीज कितीही येऊ दे, जास्तीची मी अडवायची आणि टेस्टरकडे फक्त बारापुरती सोडायची. समोर चोवीस असोत की चारशे, काटा येऊन बारावर उभा. मायी आपल्या लेकीला, तियामिकेला, पुन्हा पुन्हा बजावायच्या, "डबी लावली की काटा एवढंच सांगतो, वीज आहे की नाही. किती आहे ते विचारायचं नाही त्याला. बारा दिसले की समोर साप आहे असं समजायचं."

काय दिवस होते ते! सहा वर्षं टेस्टरला मी ओरखडासुद्धा येऊ दिला नाही. मायी येणाऱ्याजाणाऱ्याला मला उचलून दाखवायच्या. मी फुशारले होते, खोटं कशाला बोलू?

मग तियामिकेचं लग्न झालं आणि लायसन आला. तिथं जावयानंच बायकोच्या गावी राहायला यायचं असतं. म्हणजे सगळेच घरजावई, तरी प्रत्येकाला टोमणे चुकत नाहीत. लायसन झोंबा शहरात मिनीबस दुरुस्त करायचा. हात चांगला, स्वभाव हसरा. पण सासू आणि जावई यांनी एकमेकांशी बोलायचं नाही, एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, हीसुद्धा तिथलीच रीत. तो दिसला की मायी पाठ फिरवायच्या. पहिलं मूल झालं की कोंबडी कापून ही बंदी सोडतात. तियामिकेला सातवा महिना लागला होता. मायींनी कोंबडीही हेरून ठेवली होती.

त्यामुळे माझी खोड लायसनला मायींनी कधी सांगितली नाही. तियामिकेनंही नाही. इंजिनवाला माणूस, गिरणीला कशाला हात लावतोय, असं तिला वाटलं.

त्या दिवशी ती तपासणीला दवाखान्यात गेली होती. भर सकाळी गिरणी बंद पडली. बाहेर दळणाची टोपली डोक्यावर घेऊन बायकांची रांग. मायी ओसरीतून उठणार, तेवढ्यात लायसन तिथून चालला होता.

"काय हो जावईबापू," शेजारची फालेसी म्हणाली, "बायकोच्या गावचं पीठ खायला पुढं, आणि गिरणी चालू करायला सासू लागते होय?"

रांग खदखदून हसली. लायसनही हसला, पण ते त्याला लागलं होतं. तो सरळ घरात गेला आणि खुंटीवरून टेस्टर आणि त्याच्या वायरीला जोडून ठेवलेली मी, असं दोन्ही घेऊन आला. "मिनीबसच्या वायरी मी डोळे मिटून जोडतो," तो म्हणाला. "गिरणी काय चीज आहे!"

जावई गिरणीत शिरला म्हणून सासू बाहेर थांबली.

त्यानं मेन स्विचचा दांडा खाली ओढला. दांडा आला, पण आतली तांब्याची एक पट्टी चिकटून वरच राहिली. ते बाहेरून दिसत नव्हतं. तरी शहाणा म्हणून त्यानं तपासून पाहिलं. दोनशे तीसची वीज माझ्या अंगावर आली. मी ती अडवली. काटा बारावर उभा राहिला.

"हात्तिच्या! बाराच!" लायसन मोठ्यानं म्हणाला. "ही तर गाडीच्या बॅटरीएवढी. उरलीसुरली असेल."

गाडीवाल्याला बाराची कसली भीती? आयुष्यभर त्यानं बारा हातात खेळवले होते.

बाहेर मायींनी ते ऐकलं. "फालेसी, धाव. त्याला सांग, हात लावू नको म्हणावं. डबी लावली की बाराच दिसतात."

"तूच सांग की! माझा नंबर जाईल."

"फालेसी, पाया पडते तुझ्या."

फालेसीनं डोक्यावरची टोपली उतरवली. मागच्या बाईला म्हणाली, "बघ गं जागा," आणि निघाली. मित्रांनो, मी सगळं ऐकत होते. मला ओरडायचं होतं, खोटे आहेत ते बारा, लायसन, खोटे आहेत! पण मला तोंड कुठलं? मला एकच गोष्ट बोलता येते आणि तीच मी बोलत राहिले.

"लायसन!"

मायींची किंकाळी होती ती. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते नाव घेतलं. रीत, लाज, सगळं टाकून त्या आत धावल्या. पण त्याची मूठ वायरीवर मिटली होती.

बायकांनी मुसळानं त्याला सोडवलं. छाती दाबली, हाका मारल्या. काही उपयोग झाला नाही. टेस्टर मात्र शाबूत होता. माझं काम मी चोख केलं होतं.

दुपारी तियामिके परतली. बाळ ठीक असल्याची चिठ्ठी तिच्या हातात होती.

त्यानंतर मला कुणी विजेला लावलं नाही. मायींनी माझ्या झाकणावर खिळ्यानं कोरलं, 'बारा खरे नव्हेत.' ज्यानं वाचायला हवं होतं, तो उरला नाही. मित्रांनो, एखादं यंत्र काय लपवतं, हे तुम्हाला ठाऊक असेल, तर ते घरातल्या प्रत्येकाला सांगा. निरोप धाडत बसू नका, स्वतः ओरडा. मला हे उशिरा कळलं. माझ्याकडून आता काहीच होणार नाही.

मुलगा झाला. बापाचंच नाव ठेवलं. कोंबडी कापलीच नाही, ती अजून अंगणात फिरते. मी खुंटीवरून ऐकत असते. मायी दिवसभर हाका मारतात, "लायसन, इकडं ये. लायसन, हात लावू नको. लायसन!" पोर झोपलेलं असतं, तरी मारतात.