हिल्काची आक्रमक गाठ

फिनलंडमधल्या आमच्या गावात तळ्याकाठी बायकांचा सार्वजनिक सौना आहे, म्हणजे वाफेने घाम काढायची लाकडी खोली. तिथे उघड्या अंगानेच बसायचं, त्यामुळे कुणाचं काही लपत नाही. पण दिसलं तरी विचारायचं नाही, असा शिरस्ता. तो हिल्का मुस्तोनेनने स्वतःच मोडला. हिल्का शहरबस चालवते, अंगाने धिप्पाड. त्या दिवशी ती वरच्या फळीवर माझ्याशेजारी एका कुल्ल्यावर कलून बसली होती.

"तू डॉक्टर ना गं?"

"पॅथॉलॉजिस्ट. माणसाचा तुकडा काचेवर येतो, तो बघते. अख्खं माणूस नाही."

"मग आज अख्खं बघ," म्हणत तिने पाय बाजूला केला.

योनीच्या उजव्या ओठात लिंबाएवढी गाठ होती. मऊ, लोंबती. खालच्या फळीवरच्या बायकाही वळून बघू लागल्या. एक म्हणाली, हर्निया. दुसरी म्हणाली, बसच्या सीटचा दोष.

"दुखतं?" मी विचारलं.

"नाही. पण प्रवासी विचारतात, बाई, अशा तिरक्या का बसता?"

मी तिला डॉक्टर अहोकासकडे धाडलं. स्त्रियांच्या आजारांचा डॉक्टर, हात सोन्याचा, पण लाजाळू इतका की अवयवाचं नाव घेताना कानापर्यंत लाल होतो. तो हिल्काला म्हणाला, "त्या परिसरात पाण्याची गाठ दिसते."

"परिसर? मी काय बाग आहे?" हिल्काने विचारलं.

योनीच्या तोंडाशी एक ग्रंथी असते, तिचं तोंड बुजलं की पाणी साठतं. त्याला तेच वाटलं. त्याने सुई घातली. थेंब आला नाही. पुन्हा घातली, तरी नाही. मग त्याने मला फोन केला.

"कापूनच टाकतो. कॉफी गार व्हायच्या आत होईल."

"थांब," मी म्हटलं. "पाणी नाही म्हणजे गाठ भरीव आहे. आधी छोटा तुकडा पाठव. आणि ओटीपोटाचा एमआरआय कर."

तुकडा आला. मी तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि ओनेर्वाला हाक मारली. ओनेर्वा माझी गुरू. निवृत्त झालीय, पण कॉफीच्या वेळेला प्रयोगशाळेत येते आणि सगळ्यांच्या चुका काढून जाते.

"गरीब स्वभावाची गाठ," तिने बघताक्षणी सांगितलं. "हिच्या पेशी शिरांभोवती जमतात. काढली की संपलं."

"जमल्यात कुठे? बघ, आपल्या बसस्टॉपवरच्या माणसांसारख्या लांबलांब उभ्या आहेत. मधे नुसती जेली. ही खोल जाणारी, पुन्हा पुन्हा उगवणारी गाठ आहे."

"ही बघ, दोघी शिरेला खेटल्यात."

"दोघी म्हणजे गर्दी?"

"फिनलंडमध्ये गर्दीच."

आम्ही खास रंग लावून पाहिले. पण या दोन्ही गाठींना बरेचसे रंग सारखेच चढतात. भांडण मिटेना. ओनेर्वा माझ्याशी बोलेनाशी झाली, म्हणजे नेहमीपेक्षाही कमी बोलू लागली.

मग एमआरआय आला. बाहेर दिसणारं लिंबू म्हणजे नुसतं टोक होतं. बाकीची गाठ मूत्राशयाच्या कडेने वर ओटीपोटात शिरली होती, आत भोवऱ्यासारखे थर. अहोकासने बाहेरचं लिंबू तेवढं कापलं असतं तर सगळा पसारा आत तसाच राहिला असता.

"जिंकलीस," ओनेर्वा म्हणाली. "बरं वाटलं?"

"नाही."

हिल्काला सांगायला अहोकासने मलाही बोलावलं. या वेळी त्याने अवयवाचं नाव स्पष्ट घेतलं. लाल झाला, पण घेतलं. मग गाठीचं नाव सांगितलं: आक्रमक अँजिओमिक्सोमा.

"आक्रमक?" हिल्का म्हणाली. "वर्षभर माझ्याखाली गप्प बसलीय. एका शब्दाने कुणाला काही बोलली नाही."

"शरीरात दुसरीकडे सहसा जात नाही," मी म्हटलं. "पण आहे तिथे परत येऊ शकते. हिला बायकांच्या हार्मोन्सवर पोसायची सवय आहे. आधी इंजेक्शनं देऊन तिचं जेवण तोडायचं. आकसली की काढायची."

हिल्काने हातमोजे घातले, पुन्हा काढले. मग तिने विचारलं, "मरणार नाही ना मी हिच्यामुळे?"

"नाही वाटत. हिच्यामुळे बहुतेक कुणी मरत नाही," अहोकास म्हणाला.

इंजेक्शनांनी गाठ आकसू लागली, पण हिल्काची पाळी थांबली आणि अंगातून वाफा निघू लागल्या. भर हिवाळ्यात ती बसची दारं उघडी टाकायची. कुडकुडणारे प्रवासी तक्रार करायचे. ती माइकवरून सांगायची, "औषध चालू आहे. टोप्या घाला." सौनात ती खालच्या, कमी गरम फळीवर बसू लागली आणि तिथूनही उठून बर्फात जायची.

वसंतात अहोकासने दुसऱ्या एका शल्यविशारदाच्या मदतीने गाठ काढली. कॉफी कित्येकदा गार झाली. एका कडेला मूत्राशय वाचवायला त्याला चिकटलेली थोडी गाठ तशीच सोडावी लागली. ते त्याने हिल्कापासून लपवलं नाही.

बरी झाल्यावर ती प्रयोगशाळेत आली. "माझीच आहे ना? मग मला दाखव."

मी काच लावून दिली. ओनेर्वाने, कधी नव्हे ते, आपली खुर्ची सोडली. हिल्का डोळा लावून बसली.

"फिकट गुलाबी आहे," शेवटी म्हणाली. "स्वयंपाकघराच्या पडद्यांना असं कापड शोधत होते मी."

ओनेर्वा हसली. तिला हसताना मी क्वचितच पाहिलंय.

"परत आली तर?" हिल्काने विचारलं.

"दरवर्षी एमआरआय काढत राहायचं. आली तर पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा काढायची," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली आणि ओनेर्वाच्या बशीतला दालचिनीचा पाव उचलून खाऊ लागली.