उंबरठ्यावर निजलेल्या एजे

आमच्या शाळेत नऊ नंबरच्या वर्गात शिरताना पोरं पाय गुडघ्याइतका उंच उचलतात. नवीन आलेलं पोरही आठवड्याभरात शिकतं. मी भौतिकशास्त्र शिकवतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, आणि त्या दारात मीही पाय उंच उचलतो.

त्या उंबरठ्यावर कानिशाय एजे निजायच्या. एजे म्हणजे ताई. शिक्षिकेला आम्ही तेच म्हणतो. थोरांपुढून जाऊ नये, थोरांना ओलांडू नये, हे त्यांनी निम्म्या गावाला शिकवलं होतं. मग त्यांची उमसुनाय नावाची विद्यार्थिनी भर रस्त्यात गाडीत घालून पळवली गेली, नवरी करायला, आमच्याकडे अजून पळवतात तशी. त्या घराच्या दाराला कडी नव्हती. नवऱ्याची आजी फक्त उंबरठ्यावर आडवी झाली होती. म्हातारीला ओलांडलं की सात पिढ्यांना शाप, म्हणून पोरगी आतच राहिली. बर्फ वितळल्यावर ती नदीत सापडली.

"तिला कुणी बांधलं नव्हतं हो," एजे शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या होत्या. "मी शिकवलेलं होतं, तेवढंच पुरलं."

तेव्हापासून दर वसंतात त्या स्वतः वर्गाच्या दारात निजायच्या आणि मोठ्या मुलींना म्हणायच्या, "ओलांडा." मुली रडायच्या, कानाला हात लावायच्या. पालक भांडायला यायचे. आम्ही शिक्षक मूग गिळून बसायचो.

"एजे, उठा, फरशी गार आहे," मुख्याध्यापक विनवायचे.

"मग या पोरींना सांगा, आटपा म्हणून."

एकेक करून मुली ओलांडायच्या. पहिली गेली की बाकीच्यांना धीर यायचा. गेल्या वसंतात मात्र एक अडून बसली. माझीच, कियाल. ती माझ्या आईच्या, म्हणजे अपाच्या, मांडीवर वाढलेली. आजीची चप्पलसुद्धा ओलांडायची नाही. ती बाकावर बसून राहिली आणि एजे दारात पडून राहिल्या. दोघी सारख्याच हट्टी. शाळा सुटली, शेगडी विझली. शेवटी पोर खिडकीतून उडी मारून घरी आली.

एजेंच्या छातीत कफ झाला. त्यातून त्या उठल्या नाहीत.

गावाला काय, जीभ मोकळीच! कुणी म्हणालं, म्हातारीला तिच्या खुळानं नेलं. कुणी म्हणालं, तुर्गुनबेकच्या, म्हणजे माझ्या, पोरीनं नेलं. कियालने दोन्ही ऐकलं. त्या वर्गात ती अजून खिडकीतूनच जायची.

"बाबा, त्या अजून तिथंच आहेत," ती मला म्हणाली. "मी ओलांडेपर्यंत उठणार नाहीत."

मी शिकलेला माणूस. म्हणालो, "असं काही नसतं." आणि मला त्या दारातून जाताना घाम फुटायचा, तो वेगळाच.

यंदा मार्चमध्ये एकदा आम्ही बापलेक शाळेतून घरी आलो, तर अंगणात अनोळखी गाडी. लग्नाच्या बोरसोक पुऱ्या तळल्याचा वास, शेजारणींची लगबग. माझा धाकटा भाऊ माक्सात नवी टोपी घालून उभा.

"दादा, आणली!" तो म्हणाला. "आसिलकानला!"

आसिलकान कियालच्या बाकावर बसते. मी दाराशी धावलो. पोरीने डोक्यावर टाकलेला नवरीचा पांढरा रुमाल फेकून दिला होता. बायकांच्या हातून सुटून ती दारापर्यंत आली होती आणि तिथंच खिळली होती, कारण उंबरठ्यावर अपा आडवी पडली होती. डोळे मिटून, हात छातीवर. आता पोरीला कुणी धरत नव्हतं. त्याची गरजच नव्हती.

"अपा, ऊठ," मी म्हणालो. "पोर शाळेत शिकतीय. हा गुन्हा आहे."

अपाने डोळे उघडले नाहीत. "तू शाळेत शिकव. घरात मी बघते."

"राहा गं बाई," आतून एक शेजारीण म्हणाली. "आम्ही सगळ्या अशाच आलो. दगड पडेल तिथंच जड होतो."

 आसिलकानने एक पाय उचलला, अपाच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि परत खाली ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उमसुनाय अशीच उभी राहिली असेल.

कियाल माझ्यामागे होती. ती पांढरीफटक पडली होती, आणि अपाकडे बघतच नव्हती. त्याच जागी तिला दुसरंच कुणीतरी दिसत होतं.

"एजे, मी आले," ती पुटपुटली.

तिने पाय उचलला, गुडघ्याइतका, आणि आजीला ओलांडून आत गेली. बायका किंचाळल्या. कुणीतरी थू थू केलं. कियालने आसिलकानचा हात धरला.

"उंच उचल," ती म्हणाली. "बस, एवढंच असतं."

दोघी अपाला ओलांडून बाहेर आल्या आणि फाटकाकडे धावत सुटल्या. माक्सात मागे झेपावला, तेव्हा मी त्याचं मनगट धरलं. त्याने मला शिव्या घातल्या, मी सोडलं नाही. पोरी वळणाआड गेल्या.

शेजारणी चुलीवर तेल तसंच टाकून निघून गेल्या. अपा उंबरठ्यावरच होती. आता ती शाप देणार, माझ्या पोरीला देणार. मी तिचे पाय धरायला वाकलो.

"अपा, लहान आहे गं ती. मला दे काय द्यायचं ते."

"गेल्या का दोघी?"

"गेल्या."

तिने डोळे उघडले. वरच्या चौकटीकडे बघत राहिली.

"तुझ्या बापाने मला आणलं, तेव्हा त्याची आजी इथंच निजली होती," ती म्हणाली. "अशीच, डोळे मिटून. मला वाटलं, म्हातारी माणूस, गारठ्यात किती पडेल? उठली की जाईन. मी चुलीपाशी बसून तिच्या उठण्याची वाट बघत होते."

मी तिच्या खांद्याखाली हात घातला. तिने तो बाजूला केला.

"ती अजून उठली नाही रे, तुर्गुन."