अंबारीचा तोल

थोरलीने हत्तिणीच्या पोटाखालून आलेला पट्टा दोन्ही हातांनी ओढला, टाच जमिनीत रोवली आणि पुन्हा एकदा ओढला. वर पाठीवरची अंबारी किंचित करकरली आणि गप्प झाली.

"बसली," ती म्हणाली. "आता भूकंप झाला तरी हलायची नाही."

"आणि हत्तीण शिंकली तर?" माहुताने विचारलं.

"तर हत्तीण हलेल. अंबारी नाही."

थोरलीचं बोलणं हे असंच. वडिलांच्या मागे अंबाऱ्यांचा कारखाना तिने आणि धाकट्या बहिणीने चालवला. लाकूडकाम थोरलीचं, छत आणि गाद्या धाकटीच्या. हत्तीवर बसणारे राजे कधीच गेले, पण सिनेमावाल्यांना अजून राजे लागतात आणि राजांना अंबारी, त्यामुळे दोघींचं बरं चाललं होतं. मग धाकटीला परगावच्या मोठ्या फर्निचर कारखान्यातून बोलावणं आलं. तिने बिचकत विचारलं, "जाऊ का?" थोरलीने हातातला रंधा न थांबवता सांगून टाकलं, "जा की. तुझ्यावाचून माझं काय अडतंय?"

धाकटी दुसऱ्याच दिवशी मैत्रिणीकडे राहायला गेली. या अंबारीच्या गाद्याही तिने तिथेच शिवल्या. आज अंबारी पसंत पडली की संध्याकाळच्या गाडीने ती जाणार होती. थोरलीला ती जायला नको होती. पण एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घ्यायचा कसा, हे काही तिला वडिलांनी शिकवलं नव्हतं.

माहुताने हत्तिणीला खाली बसवलं. धाकटी आली ती थेट पलीकडच्या शिडीपाशी गेली. अंबारीची परीक्षा घ्यायची वडिलांची रीत ठरलेली होती. छताच्या मध्यातून दोरीला बांधलेला ओळंबा सोडायचा आणि त्याच्या बरोबर खाली तळाला पितळी खिळा ठोकायचा. दोन्ही लेकींनी दोन बाजूंनी एकदमच चढून बाकाच्या दोन टोकांना बसायचं. हत्तीण उभी राहिली की ओळंब्याचं टोक खिळ्यावर यायला हवं. दोघींची वजनं लहानपणापासून सारखी, एकोणीस-वीसचाही फरक नाही. वाळूची पोती ठेवूनही भागलं असतं, पण वडील म्हणायचे, पोतं घाबरत नाही. माणूस घाबरून अंग टाकतो तेही अंबारीने सोसलं पाहिजे.

"चढू, ताई?"

"चढ."

माहुताने खूण केली. हत्तीण आधी पुढून उठली, मग मागून, आणि कान हलवत उभी राहिली. सिनेमाचा व्यवस्थापक उंच लाकडी घोडीवर चढून आत डोकावत होता. नायिका पडली तर आपण रस्त्यावर येऊ, हे तो सकाळपासून सगळ्यांना ऐकवत होता.

ओळंबा झुलला, मंदावला, थांबला. खिळ्यापासून चांगला अंगठाभर दूर, धाकटीच्या बाजूला.

"वाकडी आहे," व्यवस्थापक म्हणाला.

थोरलीने एकेक सांधा मनात तपासला. प्रत्येक सांध्यावर तिचा हात फिरला होता, पट्टे तिने स्वतः आवळले होते. लाकूड चुकलेलं नव्हतं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. मग तिचा हात आपसूक स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याकडे गेला. त्याला आज सकाळीच तिने गिरमिटाने नवं भोक पाडलं होतं.

ते भोक धाकटीलाही दिसलं. ती घाईघाईने म्हणाली, "चूक माझीये. या बाजूच्या गादीत कापूस जास्त भरला गेलाय. उसवून देते."

नुसती मान डोलावली असती तरी निभावलं असतं. अंबारी दोन दिवसांनी पसंत पडली असती आणि थोरलीचा ताठाही शाबूत राहिला असता. पण धाकटीचा हात कापसात कधी चुकला नव्हता, आणि चांगल्या कामाला वाईट म्हणणं थोरलीच्या जिभेला जमेना.

"गादी बरोबर आहे," ती म्हणाली. "लाकूडही बरोबर आहे."

"मग चुकलं काय?"

"मी हलकी झालेय."

"म्हणजे?"

"म्हणजे जेवण जात नाही." ती हत्तिणीच्या दोन कानांमधून समोर बघत व्यवस्थापकाला सांगत होती. "एकटीसाठी रांधावंसं वाटत नाही."

धाकटीने बाकाची कड धरली आणि ती थोडी मध्याकडे सरकली. ओळंबा हलला. ती आणखी सरकली.

"अजून जरासं," व्यवस्थापक ओरडला. "बस, बस! आलं खिळ्यावर. कबूल, अंबारी सरळ आहे. झालं तुमचं काम!"

धाकटी थांबली नाही. ती सरकत सरकत बाकाचा मध्य ओलांडून आली, आणि तिचा खांदा थोरलीच्या खांद्याला टेकला.

"अहो बाई, आता पलीकडे कलली की!"

"कलू दे," थोरली म्हणाली.