ओली ओसरी

संघप्रियानं वडिलांच्या मांडीला चिकटलेल्या पट्टीवर सलाईनचं पाणी सोडलं, चिमट्यानं कडेचा धागा धरला आणि त्यांना विचारलं,

"बाबा, कुठी पोचले?"

"चिंचेपाशी," हरिदास डोळे मिटून म्हणाले. "दसरूची चक्की चालू आहे. लय बाया बसल्या दळायले."

धागा निघाला. त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण पाय हलला नाही.

हाडातली गाठ काढली तरी परत आली होती आणि जखम भरायचं नाव घेत नव्हती. भद्रावतीच्या दवाखान्यात नर्स असलेली संघप्रिया ड्यूटीवर जायच्या आधी रोज ड्रेसिंग करायची. गोळ्या पुरेनाशा झाल्या तेव्हा तिनं त्यांना सांगितलं, की दुखणं जखमेत उपजतं, पण त्याला किती जोर द्यायचा ते डोकं ठरवतं. डोकं दुसरीकडे गुंतलं की दुखण्याची वाट अडते.

"मंग माह्या डोक्यानं आजवर काय केलं? फुकटच खाल्लं?" हरिदास हसले होते. पण ते मनानं जुन्या गावात फिरू लागले आणि आवळलेली मूठ खरोखरच सैल पडू लागली.

ते गाव आता नव्हतं. माजरीकडच्या कोळशाच्या खुल्या खाणीत गेलं होतं. जमिनीच्या बदल्यात हरिदासांना खाणीत नोकरी मिळाली, ते शॉवेल हे खोदाईचं अवजड यंत्र चालवायला शिकले, आणि खोदाई गावापर्यंत आली तेव्हा त्या पाळीला यंत्रावर तेच होते. बकेटीत मातीबरोबर आपल्याच ओसरीचा सारवलेला पापुद्रा वर आला, हे त्यांनी फक्त बायकोला, कमलाला सांगितलं. कमलानं मरणाआधी लेकीला सांगितलं.

म्हणून रोजची फेरी चक्कीपासून निघायची, विहाराच्या पिंपळाखालून भागीरथाबाईच्या गोठ्यापर्यंत यायची आणि तिथल्या वळणावर थांबायची. वळणापलीकडे त्यांचं घर होतं. तिथं डोकं हात टेकायचं आणि दुखणं दुप्पट जोरानं उसळायचं. संघप्रिया वळण यायच्या आत पट्टी बांधून मोकळी व्हायची.

आज जखम आणखी खोल गेली होती. वळण आलं तेव्हा अर्धं काम बाकी होतं.

"झालं. वापस फिरतो." खाटेची दांडी धरलेली हरिदासांची बोटं पांढरी पडली.

"फिरू नोका, बाबा. घरी चाला."

"घर नाई तिथी. मीनंच तं..."

"मी समोर जातो. तुमी मांगून या."

संघप्रियाचा जन्म खाणीच्या कॉलनीतल्या क्वार्टरमधला. ते घर तिनं कधी पाहिलंच नव्हतं. चिमटा चालू ठेवून ती बोलत राहिली.

"हे आलं दार. मंग ओसरी. उजव्या हाताले चूल..."

तिनं चिमट्यानं पुढचा धागा सोडवला.

"डाव्या हाताले," हरिदास म्हणाले.

ती थांबली.

"उजवीकडे रांजण. अन् मधात पाय नको ठेवू." दांडीवरची बोटं एकेक करून सुटली. "आत्ताच सारवलं तुह्या मायनं. ओलं आहे."

तिनं उरलेली जखम धुतली, शेवटची चिकटपट्टी लावली. आता उठायला हवं होतं, ड्यूटीची बस चुकणार होती. संघप्रियानं फरशीवरचे दोन्ही पाय अलगद उचलून स्टुलाच्या दांडीवर घेतले आणि ती तशीच बसून राहिली.