बिनधुराची चूल

भाचीने निजलेल्या पोराच्या पांघरुणावरून बोट फिरवलं आणि उजेडात धरलं. बोटाला पिवळसर पीठ लागलं होतं.

"मावशी, हे काय गं?"

"पडतं असंच वरून. झटकलं की झालं."

बिनधुराची चूल भाचीनेच घडवली होती आणि पहिली बसवली ती मावशीकडे. लहानपणी सुट्टीत इथे आली की ती डोळे चोळत जेवायची; तेव्हापासून हा धूर तिला सलत होता. आता तो पत्र्याच्या नळीतून थेट छपराबाहेर जाई. खोकून खोकून निळा पडणारा मावशीचा नातू शांत झोपू लागला होता. समोरच्या घरात आज दुसरी चूल बसत होती. गवंड्याची ठोकाठोक इथवर येत होती.

ठोकाठोक मध्येच थांबली, तेव्हा डोक्यावर बारीक कुरकुर ऐकू आली. कोणीतरी अंधारात बसून कोरडं लाकूड चावत असावं तशी.

भाची स्टुलावर चढली. काजळीने काळ्या झालेल्या तुळईला तिने स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. परत ओढायचा तिला धीर होईना.

"भुंगा," मावशी पुटपुटली. "या घरात कधी नव्हता गं. धुरात टिकायचाच नाही."

मग तिची नजर चुलीकडे वळली. भाचीची आधीच वळली होती.

"काढ ती नळी. चार दिवस धूर कोंडू दे घरात."

"मुळीच नाही!" मावशीच्या सुनेने पोराला उचलून छातीशी धरलं. "आई, विसरलात का, याचा जीव कसा कासावीस व्हायचा ते?"

"आणि छप्पर अंगावर आलं म्हणजे?"

"आम्ही अंगणात झोपू."

"झोपा की. चंद्राला सांगते पांघरूण घालायला."

भाचीने सगळ्यांना अंगणात पाठवलं, नळी उपसली, चुलीत ओला पाला कोंबला आणि खोकत बाहेर येऊन दार ओढून घेतलं. कौलांच्या फटींतून धूर निघू लागला, पूर्वी निघायचा तसाच. मावशीचा चेहरा निवळला. सुनेने पोराचं तोंड पदराने झाकलं आणि ती कुंपणापर्यंत मागे सरकली.

धूर ओसरल्यावर भाची एकटीच आत गेली. तुळईच्या बरोब्बर खाली नको, जरा बाजूला उभी राहिली. श्वास रोखून ऐकलं.

कुरकुर चालूच होती.

"ताई!" समोरच्या छपरावरून गवंडी ओरडला. "नळीसाठी कौलं काढतो बरं का!"

ती दारात आली. समोरचं छप्परही मावशीच्या छपराएवढंच जुनं होतं.

"थांबा! हात लावू नका."

हातोडी थांबली. गल्ली चिडीचूप झाली आणि समोरच्या स्वयंपाकघरातून एका लहान मुलाचा खोकला ऐकू येऊ लागला. गवंडी हातोडी तशीच धरून भाचीकडे बघत राहिला.

खोकला थांबत नव्हता.