देवाजीभाऊची कॅसेट

मूलच्या बाजारापासून थेट एटापल्लीपर्यंत, जिथे म्हणून झाडीपट्टीचं नाटक लागतं तिथे गिटारीचा विषय निघाला की देवाजीचं नाव निघायचं. गिटार मुळात त्याची नव्हतीच. नाटक कंपनीतला नागपूरचा वादक भर हंगामात पळून गेला आणि वाद्य मागे राहिलं. देवाजीने ते उचललं, खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली बोटात अडकवून तारेवर घासली, तर गिटार बाईमाणसासारखी हुंदके द्यायला लागली. दंडारीची, म्हणजे गावातल्या लोकनाट्याची, गाणी त्याने तिच्यावर बसवली. एका वर्षी सुकलू कॅसेटवाल्याने त्याच्या अंगणात टेप ठेवून चार गाणी भरून घेतली. मागून साथीला देवाजीची बायको, आशाबाई, गायली. त्या चार गाण्यांवर देवाजी मोठा झाला.

आणि त्याच गाण्यांनी त्याचं वाजवणं बंद पाडलं. बाजारात कॅसेट वाजायची ती अशी भरधाव, की लोक म्हणत, हात आहे की मशीन! देवाजी छाती फुगवून ऐकायचा, पण घरी येऊन वाजवायला बसला की हात आपला बैलबंडीच्या चालीने. त्या उंच सुराला पोचायला तार चढवावी तर ती तटकन तुटायची. हात गेला, असं त्याने मनाशी धरलं. तेव्हा तो पन्नाशीचाही नव्हता. कोणी वाजवायला सांगितलं की तो म्हणायचा, बोटांत कळ आहे. सत्तरी उलटली तरी झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच त्याचं धोरण.

यंदा धान निघाल्यावर कंपनीतला आजचा गिटारवाला निकेश घरी आला.

"भाऊ, चिमूरच्या नाटकात तुमचा सत्कार आहे. एक गाणं तुमीच वाजवा जी."

आणि आपणही काही कमी नाही हे दाखवायला त्याने कॅसेटमधलं एक गाणं तस्संच, त्याच वेगात वाजवलं. देवाजीने आपल्या मुठी मांडीखाली सारल्या. आता स्टेजवर सगळी शोभा होणार.

"बोटात कळ आहे बाप्पा," तो म्हणाला.

निकेशने मग आठवण म्हणून फोनवर कॅसेटमधलं तेच जुनं गाणं लावलं. आशाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिचा हात थांबला.

"हे कोण चिमणी गाऊन राह्यली?"

"तुमीच न बाई!"

"मी? माहा आवाज पहिलेपासून भरडा. लग्नानंतर सासूच म्हणे, घरात सून आली का जावई?" तिने सूप खाली ठेवलं. "गाणे भरले त्या दिवशी लाइन नव्हती. सुकलूचे सेल बसले होते. मीच त्याईले उन्हात तापवले, तवा कुठी तो टेप रखडत रखडत चालला."

निकेशला उलगडा झाला. टेप रखडत भरला गेला, म्हणजे चांगल्या मशीनवर तो पळणारच. फोनमध्ये गाण्याचा वेग आणि सूर दोन्ही खाली आणायची सोय होती. तो ते खाली आणत गेला आणि आशाबाई न्यायाधीश झाली.

"अजून. अजून जरासक. हं! आता मी आहो."

फोनमधून तिचा जाडाभरडा आवाज येत होता, आणि त्याच्याखाली गिटार चालली होती बैलबंडीच्या चालीने. देवाजीने ती चाल ओळखली. हात गेलाच नव्हता. तो पहिल्यापासून असाच होता. त्याला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग बायकोचा राग आला.

"काऊन नाई सांगितलं इतके वर्स?"

"मले कवा आयकवली तुमी कॅसेट? घरी टेप होता का? बोटात कळ म्हणे, तं मी तेल चोळून देत होतो."

देवाजी खजील झाला. बायकोचा आवाज नीट ऐकणारा नवरा झाडीत अजून जन्माला यायचाय.

निकेशचं तोंड मात्र उतरलं होतं. "म्हणजे मी इतके दिवस कोणाची नक्कल केली भाऊ?"

"कोणाचीच नाई. असं तेज वाजवनं मले जनमात नाई जमलं. ते तुह्यं आहे."

पोराचे कान लाल झाले. देवाजीने त्याच्या मांडीवरची गिटार स्वतःच्या मांडीवर घेतली आणि तेच गाणं सुरू केलं. दोनदा बोट घसरलं, पण तो थांबला नाही. दुसऱ्या ओळीला आशाबाईने आपला भरडा आवाज लावला. निकेशचा ताल धरणारा पाय सवयीने पुढे पळत होता. त्याने तो हाताने दाबून धरला. गाणं शेवटपर्यंत गेलं.

"चिमूरले कोनत्या दिवशी जा लागते?" देवाजीने विचारलं.

"दोघंबी येतो म्हणा," आशाबाई म्हणाली.